शेतकऱ्याला पहिलं पान देणारा फोटोग्राफर : ऑगस्ट झांडर

जर्मनीचे ऑगस्ट झांडर हे कृष्णधवल व्यक्तिचित्रांसाठी जगभर ओळखले जाणारे फोटोग्राफर. काही जण त्यांच्या नावाचा उच्चार 'सँडर' असाही करतात. आपल्या देशातल्या सगळ्या थरांतल्या माणसांचे फोटो काढायचे आणि ते ओळीने लावून एका काळाचा चेहरा उभा करायचा, असं काम त्यांनी हाती घेतलं आणि चाळीसेक वर्षं रेटलं. या ओळीत पहिला मान त्यांनी शेतकऱ्याला दिला. वकील, कारखानदार, प्राध्यापक, कलावंत हे सगळे त्याच्या मागून आले.

हे काम सुखासुखी झालं नाही. पुस्तकाच्या छपाईच्या प्लेटा सरकारने मोडल्या, थोरला मुलगा तुरुंगात गेला, हजारो निगेटिव्ह आगीत जळाल्या. एवढं होऊनही जे वाचलं, त्यावर आज जगातली मोठी संग्रहालयं प्रदर्शनं भरवतात. झांडर यांचं आयुष्य आणि काम यांची ही माहिती.

थोडक्यात ओळख

जन्म : १७ नोव्हेंबर १८७६, हेरडॉर्फ, जर्मनी
मृत्यू : २० एप्रिल १९६४, कोलोन, जर्मनी
व्यवसाय : स्टुडिओ फोटोग्राफर
मुख्य काम : 'विसाव्या शतकातील माणसं' हा व्यक्तिचित्रांचा संग्रह
गाजलेलं पुस्तक : 'काळाचा चेहरा' (१९२९), एकूण ६० फोटो

खाणीवरचा पोरगा

हेरडॉर्फ हे लोखंडाच्या खाणींचं गाव. शेजारीच वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ पट्टा आहे. हवा थंड, जमिनी हलक्या आणि शेती थोडी थोडी. नुसत्या शेतीवर भागत नसल्यामुळे या भागात बऱ्याच घरांतले पुरुष खाणीत कामाला जायचे आणि घरची शेती, गुरंही सांभाळायचे. ऑगस्ट यांचे वडील खाणीत सुतारकाम करत. खाणीतल्या बोगद्यांना लाकडाचा आधार लागतो, त्यामुळे सुताराला तिथे कायम काम असायचं.

शाळा सुटल्यावर ऑगस्टही त्याच खाणीवर लागला. एकदा खाणीचे फोटो काढायला बाहेरून एक फोटोग्राफर आला. त्याच्या सोबतीला, वाट दाखवायला आणि सामान उचलायला या पोराला पाठवण्यात आलं. त्या माणसाने त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या काचेतून बघू दिलं. रोज पायाखाली तुडवलेला मुलूख, वरून सरकणारे ढग, हे सगळं त्या काचेवर उमटलेलं त्याने पाहिलं आणि आपणही हेच करायचं असं त्याच्या मनाने घेतलं. एका मामा-काकाच्या पैशाने त्याला पहिला कॅमेरा मिळाला आणि घरीच फोटो धुण्यासाठी अंधारी खोली तयार झाली. साल होतं १८९२ च्या सुमाराचं, म्हणजे त्याचं वय अवघं पंधरा-सोळा.

पुढे सक्तीच्या लष्करी नोकरीसाठी तो ट्रियर शहरात गेला. तिथे मोकळ्या वेळात एका स्टुडिओत हाताखाली काम करून धंदा शिकला. नोकरी संपल्यावर बर्लिन, लाइपझिग, ड्रेस्डेन अशा शहरांत फिरून निरनिराळ्या ठिकाणी अनुभव घेतला.

स्टुडिओचा धंदा

१९०१ मध्ये झांडर ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात एका स्टुडिओत नोकरीला लागले. वर्षभरात ते त्याच स्टुडिओत भागीदार झाले आणि १९०४ पर्यंत मालक. १९०२ मध्ये ट्रियरच्या अ‍ॅना यांच्याशी लग्न झालं. १९०३ मध्ये एरिक आणि १९०७ मध्ये गुंथर हे मुलगे झाले.

लिंझमध्ये ते त्या काळच्या चालीप्रमाणे फोटो काढत. फोटो हा हाताने रंगवलेल्या चित्रासारखा दिसावा, कडा धूसर असाव्यात, चेहऱ्यावर डाग-सुरकुती दिसू नये, अशी गिऱ्हाइकाची मागणी असायची. झांडर या कामात वाकबगार होते आणि त्यांना बक्षिसंही मिळाली होती. पुढे हीच रीत त्यांनी पूर्णपणे सोडून दिली.

१९१० च्या सुमाराला लिंझचा स्टुडिओ विकून ते कुटुंबासह जर्मनीत कोलोनला आले आणि शहराच्या लिंडेन्थाल भागात नवा स्टुडिओ काढला. नव्या शहरात ओळखीपाळखी नाहीत, गिऱ्हाईक कमी. तेव्हा त्यांनी ठरवलं की गिऱ्हाईक आपल्याकडे येत नसेल तर आपण त्याच्याकडे जायचं.

सायकलवरून खेड्यांत

सुट्टीच्या दिवशी झांडर कॅमेरा, तिकाटणं आणि काचेच्या प्लेटा घेऊन वेस्टरवाल्डकडे निघायचे. काही अंतर रेल्वेने, पुढे सायकलने. हा त्यांचा लहानपणचा मुलूख होता आणि तिथली बोली त्यांना येत होती. त्यामुळे शहरातून आलेला परका माणूस म्हणून लोक बिचकत नसत. एका घरचा फोटो चांगला आला की शेजारचे बोलवायचे, त्यांच्याकडून पाहुण्यांकडे नाव पोचायचं.

खेड्यात तेव्हा फोटो ही वर्षानुवर्षांतून एकदा घडणारी गोष्ट. लोक ठेवणीतले कपडे घालायचे. म्हाताऱ्या आजीबाई काळ्या पोशाखात, हातात प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसायच्या. नवरा-बायको शेजारी शेजारी ताठ उभे राहायचे. झांडर त्यांना हसा म्हणून सांगत नसत. घराच्या भिंतीपुढे, अंगणात, झाडीच्या कडेला, जिथे त्या माणसाला अवघडल्यासारखं होणार नाही तिथे उभं करायचे आणि उभं कसं राहायचं हे बऱ्याच अंशी त्याच्यावरच सोडायचे.

हे सगळे फोटो आधी धंद्यासाठी काढलेले होते. शेतकरी पैसे द्यायचा, फोटो घरात भिंतीवर लागायचा आणि निगेटिव्ह झांडर यांच्याकडे राहायची. दहा वर्षांनी याच निगेटिव्ह पुन्हा बाहेर काढून चाळताना त्यांना आपल्या मोठ्या कामाचा पाया त्यात सापडला. एकेका घरासाठी काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर एका अख्ख्या समाजाचं चित्र दिसू लागलं.

पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) झांडर यांना सैन्यात जावं लागलं. ती चार वर्षं कोलोनचा स्टुडिओ अ‍ॅना यांनी चालवला. आघाडीवर निघालेल्या जवानांचे फोटो काढून त्यांनी घर सांभाळलं.

फोटो काढायची रीत

झांडर मोठ्या आकाराचा, तिकाटण्यावर ठेवायचा कॅमेरा वापरत. फिल्मऐवजी काचेची प्लेट. १९२५ मध्ये हातात मावणारा लायका कॅमेरा जर्मनीतच बाजारात आला आणि पुष्कळ फोटोग्राफर त्याकडे वळले. झांडर यांनी मात्र जुना मोठा कॅमेरा सोडला नाही.

त्याचं कारण कामाच्या पद्धतीत होतं. काचेच्या प्लेटवर नैसर्गिक उजेडात फोटो घ्यायचा तर लेन्स दोन-चार सेकंद उघडी ठेवावी लागायची. तेवढा वेळ समोरच्याला न हलता उभं राहावं लागतं. क्षणभराचं हसू, क्षणभराचा आव इतका वेळ टिकत नाही. चेहरा हळूहळू त्याच्या नेहमीच्या ठेवणीवर येतो. झांडर यांच्या फोटोंतली माणसं सरळ आपल्याकडे बघतात आणि गंभीर वाटतात, ती यामुळे. शिवाय मोठ्या प्लेटवर बारकावा भरपूर उतरतो. कोटाची वीण, बुटावरचा चिखल, बोटांच्या पेरांवरच्या भेगा, सगळं दिसतं.

दुसरी गोष्ट कागदाची. चित्रासारखा मऊ दिसणारा खरखरीत कागद त्यांनी १९२० नंतर बाजूला ठेवला आणि यंत्रांचे, इमारतींचे फोटो छापायला वापरतात तसा गुळगुळीत चकचकीत कागद घेतला. त्यावर काही लपत नाही. सुरकुत्या पुसण्याचं टचिंगही त्यांनी या कामात बंद केलं. साखरेत घोळलेले, खोटी ऐट दाखवणारे फोटो आपल्याला आवडत नाहीत, असं ते उघड सांगत.

तिसरी गोष्ट उंचीची. कॅमेरा साधारण समोरच्याच्या बरोबरीने लावलेला असायचा. मोठ्या माणसाला खालून बघून उंच करणं नाही की गरिबाला वरून बघून लहान करणं नाही. १९२८ मधला विटा वाहणारा बिगारी याचं चांगलं उदाहरण आहे. खांद्यावर आडवी फळी, फळीवर विटांची चळत, मागे काळोख आणि नजर थेट समोर. ओझ्याखाली माणूस वाकलेला नाही. त्याच वर्षीचा एक केक-पेस्ट्री करणारा आचारी आहे. गोल गरगरीत अंग, पांढरा डगला, एका हातात मोठं पातेलं, दुसऱ्या हातात ढवळायचं साधन. आपल्या भटारखान्यात तो राजासारखा उभा आहे. १९२४ मध्ये काढलेला एक नोटरी वकील घरासमोर कुत्र्यासह उभा आहे. तिघांच्या ऐपतीत जमीन-अस्मानाचं अंतर, पण फोटोतली वागणूक तिघांना एकच.

तीन तरुण आणि त्यांचे कोट

झांडर यांचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो १९१४ चा, 'तरुण शेतकरी'. कच्च्या वाटेवर तीन तरुण उभे आहेत. काळे सूट, डोक्यावर हॅट, हातात काठ्या, एकाच्या ओठात सिगारेट. मागे मोकळं रान. तिघं गावातल्या नाचाच्या कार्यक्रमाला निघाले आहेत आणि वाटेत थांबून कॅमेऱ्याकडे वळून बघत आहेत. महायुद्ध सुरू झालं तेच हे साल.

इंग्रज लेखक जॉन बर्जर यांनी या फोटोवर एक लेख लिहिला, तो खूप गाजला. त्यांचा मुद्दा कपड्यांचा होता. सूट हा टेबलामागे बसून कारभार करणाऱ्यांसाठी बेतलेला पोशाख. नांगरणारं, ओझं उचलणारं, रुंद खांद्यांचं अंग त्यात घातलं की कोट वेडावाकडा दिसतो आणि माणूसच बेढब वाटू लागतो. दोष अंगाचा नसतो, दुसऱ्याच्या मापाच्या कपड्याचा असतो. अमेरिकी लेखक रिचर्ड पॉवर्स यांनी याच फोटोवरून १९८५ मध्ये एक कादंबरी लिहिली.

या फोटोची पुढची हकीगतही महत्त्वाची आहे. बऱ्याच वर्षांनी संशोधकांनी या तिघांचा माग काढला, तेव्हा कळलं की फोटोच्या वेळी हे तरुण पोटासाठी शेतात नव्हे, लोखंडाच्या खाणीवर कामाला होते. त्यांतला एक जण महायुद्धात मारला गेला. खाण आणि शेती एकाच घरात नांदणाऱ्या त्या भागात 'शेतकरी' हा शब्द अगदीच खोटा म्हणता येणार नाही. पण फोटोखाली एक शब्द लिहिला की जग तेवढंच धरून बसतं आणि माणसाचं बाकीचं आयुष्य त्या शब्दामागे झाकलं जातं, हे या उदाहरणातून दिसतं.

सात गट, शेतकरी पहिला

१९२० नंतर कोलोनमधल्या काही डाव्या विचारांच्या चित्रकारांशी झांडर यांची दोस्ती झाली. फ्रान्झ विल्हेल्म झायवर्ट हे त्यांतले प्रमुख. समाज कसा बांधलेला असतो, कोणाच्या जिवावर कोण उभा असतो, यावर त्यांच्यात चर्चा व्हायच्या. या काळात 'विसाव्या शतकातील माणसं' या कामाचा आराखडा तयार झाला. त्यात सात गट होते :

१. शेतकरी
२. कारागीर
३. स्त्री
४. वर्ग आणि व्यवसाय
५. कलावंत
६. शहर
७. शेवटची माणसं

या गटांखाली ४५ च्या आसपास संच ठरवले होते. सगळ्याच्या आधी एक मूळ संच होता, त्यात १२ फोटो आणि ते सगळे वेस्टरवाल्डच्या शेतकरी माणसांचे. झांडर यांचं म्हणणं असं की मातीला धरून असलेला माणूस हा समाजाचा पाया आहे. तिथून कारागीर, मग शिकलेले व्यवसाय, मग कला आणि शहर असं वर चढत जायचं आणि शेवटी आजारी, अपंग, आंधळे, मरणाला टेकलेले इथपर्यंत खाली उतरायचं.

बहुतेक फोटोंखाली नाव नाही. 'शेतकरी जोडपं', 'गवंडी', 'शाळामास्तर', 'बेकार', 'सर्कशीतले कलाकार', 'मुष्टियोद्धे', 'रेडिओ केंद्रातली सेक्रेटरी' अशा ओळी आणि साल. नाव काढून टाकल्यावर बघणारा माणूस कपडे, हात आणि चेहरा वाचू लागतो.

१९२९ चं पुस्तक

१९२७ मध्ये कोलोनला या फोटोंचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. १९२९ मध्ये 'काळाचा चेहरा' हे पुस्तक आलं. त्यात ६० फोटो होते. सुरुवात शेतकऱ्यांपासून आणि शेवट कामधंदा गेलेल्या बेकार माणसाच्या फोटोने. प्रस्तावना नामांकित कादंबरीकार आल्फ्रेड डोब्लिन यांची होती. पुस्तकाचं कौतुक झालं. विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ मध्ये लिहिलं त्याचा आशय असा, की सत्ता बदलण्याच्या काळात समोरचा माणूस ओळखता येणं ही गरजेची गोष्ट होते आणि झांडर यांचं पुस्तक म्हणजे चेहरे वाचायचा सराव करून घेणारी नकाशावहीच आहे.

त्याच वर्षी झांडर यांनी कोलोनच्या रेडिओवर फोटोग्राफीवर सहा भाषणं दिली. फोटो ही जगातल्या कोणालाही कळणारी भाषा आहे, हा त्यातला एक विषय होता. खाणीवर कामाला सुरुवात केलेल्या माणसासाठी ही मोठी मजल होती.

सरकारच्या डोळ्यात खुपलेले चेहरे

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. १९३६ मध्ये 'काळाचा चेहरा'च्या उरलेल्या प्रती जप्त झाल्या आणि छपाईच्या प्लेटा नष्ट करण्यात आल्या.

अभ्यासक याची तीन कारणं सांगतात. पहिलं, नाझींना जर्मन माणूस एकाच साच्याचा हवा होता : उंच, धट्टाकट्टा, तथाकथित शुद्ध वंशाचा. झांडर यांच्या पुस्तकातला जर्मन माणूस जाडा, बारका, थकलेला, बेकार, क्रांतिकारक असा शंभर तऱ्हांचा होता. दुसरं, प्रस्तावना लिहिणारे डोब्लिन ज्यू होते आणि देश सोडून गेलेले होते. तिसरं कारण घरातलं होतं, ते म्हणजे थोरला मुलगा एरिक.

एरिक समाजवादी कामगार पक्षाचा कार्यकर्ता होता आणि नाझींच्या विरोधात छुपं काम करत होता. १९३४ मध्ये तो पकडला गेला आणि त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्याला फोटोग्राफीचं काम मिळालं. बापाकडून शिकलेली विद्या वापरून त्याने आपल्याबरोबरच्या राजकीय कैद्यांचे फोटो काढले. १९४४ मध्ये, शिक्षा संपायला काही महिने उरले असताना, अपेंडिक्स फुटून तो तुरुंगातच मेला. वेळेवर उपचार झाले नाहीत. वय जेमतेम ४० वर्षं.

झांडर यांनी मुलाच्या चेहऱ्याचा मृत्यूनंतर घेतलेला साचा फोटोत घेतला आणि तो आपल्या कामाच्या अगदी शेवटच्या संचात ठेवला. एरिकने काढलेले कैद्यांचे फोटोही 'राजकीय कैदी' या नावाने संग्रहात आले. बापलेकांचं काम असं एकाच ठिकाणी आहे.

याच काळातला आणखी एक संच मन हेलावणारा आहे. १९३८ च्या सुमाराला कोलोनमधली ज्यू माणसं ओळखपत्रासाठी, परदेशी जायच्या कागदांसाठी फोटो काढायला झांडर यांच्याकडे येत होती. सरकारने ज्यांना माणसातून उठवलं होतं, त्यांचे फोटो झांडर यांनी बाकीच्यांसारखेच काढले. तोच शांत उजेड, तीच सरळ नजर. युद्धानंतर हे फोटो 'छळ झालेले' या नावाने मोठ्या कामात जोडले गेले. नाझी गणवेशातल्या माणसांचे फोटोही याच कामात आहेत. छळणारा आणि छळला गेलेला, दोघंही एकाच शतकाची माणसं म्हणून तिथे आहेत.

निगेटिव्ह वाचवण्याची धडपड

पुस्तकावर घाला आल्यानंतर झांडर यांनी उघडपणे निसर्गाचे, ऱ्हाईन नदीचे, जुन्या कोलोन शहराचे फोटो काढायला घेतले. माणसांचं काम त्यांनी आतल्या आत चालू ठेवलं.

दुसऱ्या महायुद्धात कोलोनवर बॉम्ब पडू लागले. १९४२ पासून झांडर यांनी निगेटिव्ह शहराबाहेर हलवायला सुरुवात केली. वेस्टरवाल्डमधल्या कुखहाउझेन या लहानशा खेड्यात त्यांनी बिऱ्हाड केलं आणि सुमारे १०,००० निवडक निगेटिव्ह तिथे नेल्या. काचेच्या प्लेटा जड आणि ठिसूळ, त्यात युद्धाचे दिवस. सगळं नेणं शक्य नव्हतं. उरलेल्या कोलोनच्या घराच्या तळघरात ठेवल्या.

१९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात स्टुडिओ उद्ध्वस्त झाला, पण तळघर वाचलं. युद्ध संपलं, आता धोका टळला असं वाटलं आणि १९४६ मध्ये त्या तळघरात आग लागली. २५ ते ३० हजार निगेटिव्ह त्यात गेल्या. आयुष्यभराच्या कामाचा मोठा भाग असा शांततेच्या काळात जळाला. आज जे झांडर जगाला माहीत आहेत, ते मुख्यतः खेड्यात नेऊन ठेवलेल्या पेट्यांमधले.

उतारवय

झांडर उरलेलं बरंचसं आयुष्य कुखहाउझेनमध्येच राहिले. युद्धानंतरच्या जर्मनीत त्यांचं नाव मागे पडलं होतं. १९५१ मध्ये कोलोनच्या 'फोटोकिना' या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम पुन्हा लोकांपुढे आलं. त्यानंतर जुन्या कोलोन शहराच्या फोटोंचा संच शहराच्या संग्रहालयाने विकत घेतला. अमेरिकी फोटोग्राफर एडवर्ड स्टायकेन त्यांना भेटून गेले आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या 'मानवाचं कुटुंब' या जगप्रसिद्ध प्रदर्शनात झांडर यांचे फोटो लागले.

१९५७ मध्ये अ‍ॅना यांचं निधन झालं. १९६० मध्ये जर्मन सरकारने झांडर यांना राष्ट्रीय सन्मान दिला. २० एप्रिल १९६४ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी ते वारले. कोलोनच्या मेलाटेन स्मशानभूमीत एरिकच्या शेजारी त्यांना पुरण्यात आलं. सात गटांचा संपूर्ण ग्रंथ त्यांना हयातीत बघायला मिळाला नाही. धाकटा मुलगा गुंथर यांनी १९८० मध्ये मोठं पुस्तक काढलं आणि २००२ मध्ये सात खंडांत हे काम छापून आलं.

कामावरचे आक्षेप

झांडर यांच्यावर टीकाही होते. माणसाला व्यवसायाच्या खणात बसवणं बरोबर का, हा पहिला प्रश्न. वरच्या तीन तरुणांच्या फोटोने तो आणखी टोकदार झाला.

दुसरा आक्षेप स्त्रियांबद्दल. पुरुषाची ओळख कामावरून आणि बाईची ओळख पुष्कळ ठिकाणी नवऱ्यावरून. १९२६ मधला एक फोटो प्रसिद्ध आहे. आखूड केस, पांढरी विजार, शर्ट, टाय आणि दातांत सिगारेट धरलेली बाई. इतकी बेधडक बाई, पण खाली ओळ 'चित्रकाराची बायको' अशीच.

तिसरा आक्षेप शेवटच्या गटाबद्दल. अंध मुलं, अपंग, आजारी यांना 'शेवटची माणसं' म्हणणं आज खटकतं. मात्र नाझी राजवटीने अशा माणसांना जगायला नालायक ठरवून १९३९ पासून हजारोंनी ठार केलं, त्याच देशात झांडर यांनी त्यांना समाजाच्या चित्रात जागा दिली, हेही नोंदवावं लागतं. फोटोत त्यांच्याकडे बघण्याची नजर दयेची किंवा किळसेची नाही. शेतकऱ्याकडे बघावं तशीच आहे.

आज हे फोटो कुठे आहेत

झांडर यांच्या निगेटिव्ह आणि मूळ फोटोंचा मुख्य संग्रह १९९२ पासून कोलोनच्या एका सांस्कृतिक प्रतिष्ठानाकडे आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 'विसाव्या शतकातील माणसं' मधल्या ६१९ फोटोंचा पूर्ण संच घेतला. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर यातले पुष्कळ फोटो मोबाईलवरही बघता येतात. बघताना फोटो मोठा करून हात आणि पायताण जरूर पाहावं, झांडर यांचं निम्मं काम तिथे आहे.

महत्त्वाची वर्षं

१८७६ : हेरडॉर्फ येथे जन्म
१९०१ : लिंझमध्ये स्टुडिओत नोकरी, १९०४ पर्यंत मालक
१९१० च्या सुमारास : कोलोनला स्थलांतर, वेस्टरवाल्डमध्ये शेतकऱ्यांचे फोटो
१९१४ : 'तरुण शेतकरी' हा फोटो
१९२९ : 'काळाचा चेहरा' पुस्तक प्रसिद्ध
१९३४ : मुलगा एरिकला अटक
१९३६ : पुस्तकाच्या प्रती जप्त, छपाईच्या प्लेटा नष्ट
१९४४ : एरिकचा तुरुंगात मृत्यू, कोलोनचा स्टुडिओ बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त
१९४६ : तळघराला आग, २५ ते ३० हजार निगेटिव्ह नष्ट
१९५५ : न्यूयॉर्कच्या 'मानवाचं कुटुंब' प्रदर्शनात समावेश
१९६४ : कोलोन येथे निधन
२००२ : सात खंडांत संपूर्ण काम प्रसिद्ध